मी फोल्डरातच राहिलो

मी एक जुना फॉन्ट आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. आमच्या जमातीत तेवढ्या वयाला आजोबा म्हणतात. फॉन्ट म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर सांगतो. मोबाईलवर, कॉम्प्युटरवर तुम्ही जी अक्षरं वाचता, त्यांचं वळण म्हणजे आम्ही. आमच्यात कुणी गोलमटोल असतो, कुणी काटकुळा, कुणी लग्नपत्रिकेत मिरवणारा नटवा. मित्रांनो, आपली कथा सांगताना मऊ सुरात बोलावं अशी रीत आहे. फाटकी छत्री तसं बोलते, गंजलेली सायकल तसं बोलते. मला ते जमणार नाही. त्या शुक्रवारची आठवण झाली की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

माझा जन्म पाटीवरचा. वर्धा जिल्ह्यात, सेलूच्या अलीकडे पिंपळझरी नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या शुक्रवारच्या बाजारात प्रमिलाबाई भाजी विकते. भाजी तिच्याच वावरातली: भेंडी, आंबाडी, पालक, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. नवरा तानबा तोडतो, ती विकते. भाजीपुढे ती दगडी पाटी ठेवते आणि खडू पाण्यात बुडवून तिच्यावर लिहिते. ओल्या खडूने लिहिलेलं आधी दिसत नाही, वाळलं की पांढरं शुभ्र उठतं. तिची आणखी एक सवय जगावेगळी आहे. आपण अक्षरं लिहितो आणि मग वर रेघ देतो. प्रमिलाबाई आधी रेघ ओढते, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग एकेक अक्षर तिला लटकवते, मांडवाला दोडके लटकावेत तसं. शाळेत गुरुजींनी यासाठी छड्या मारल्या, तरी सवय गेली नाही.

तिची मुलगी मयुरी नागपूरला अक्षरकला शिकायला गेली. तिथे प्रत्येकाने एकेक फॉन्ट तयार करायचा होता. बाकीच्यांनी जाडजूड पुस्तकं धुंडाळली. ही घरी आली आणि आईच्या पाटीचे फोटो काढत बसली. पण पाटीवर सगळी मुळाक्षरं कुठून येणार?

"आई, मले ज्ञ लिहून दे न."

"ज्ञ काऊन पाहिजे तुले? त्याची भाजी होते का?"

"लिही न व माय."

प्रमिलाबाईने लिहिला. तो किंचित तिरका ज्ञ अजून माझ्या पोटात आहे. मयुरीने माझं नाव 'प्रमिला' ठेवलं. मी पुल्लिंगी, पण त्या नावाचा मला अभिमान आहे.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. शेजारच्या रुख्मिणीबाईच्या लोणच्याच्या बरण्यांवर मी चिकटलो, शाळेच्या स्नेहसंमेलनात फलकावर चढलो. लोक म्हणत, "अक्षर मस्त हाये, आपल्या गावचं वाटते." मी फुगून जायचो. कौतुक आम्हालाही गोड लागतं.

मग बाजारात ओटे आले. इतकी वर्षं बाया नालीच्या कडेला पोतं अंथरून बसत. सर आली की भाजीखालून पाणी वाहायचं. बाजार कमिटीने सिमेंटचे ओटे बांधले, एकाला एक लागून, वर टिनाचं छप्पर घातलं आणि चिठ्ठ्या काढून नालीकडच्या बायांना एकेक ओटा दिला. प्रमिलाबाईला फाटकाजवळचा आला. "आता माही आंबाडी चिखलात नाई बसन," ती घरी येऊन म्हणाली आणि ओट्यावर अंथरायला नवं मेणकापड घेऊन आली. बाजारात आपली म्हणावी अशी कोरडी जागा, एवढंच तिला आयुष्यभर हवं होतं. कुणाचा ओटा कोणता, हे कमिटीने कागदावर उतरवलं नाही. "आता सगळं डिजिटल," अध्यक्ष भैय्याजी म्हणाले, आणि नावं थेट अश्विनच्या नकाशात गेली.

अश्विनचं बस स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने बाजाराचा हलता नकाशा केला, आणि खरं सांगतो, झकास केला. वरून सगळं गाव दिसायचं, बाजार जवळ जवळ यायचा, चालणाऱ्या माणसाचा एक इमोजी फाटकातून आत शिरायचा. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी मालाचं चित्र टुणकन उडी मारायचं आणि मग एकेका जागेवर नाव उमटायचं. ठोक व्यापाऱ्यांनी आपली नावं इंग्रजीत मागितली होती. बाहेरच्या गाडीवाल्यांसाठी सूचना हिंदीत होत्या, कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या फॉन्टात. बायांची नावं मराठीत होती, आणि ती माझ्या अक्षरात. मयुरीने स्वतः मला अश्विनच्या मशीनवर बसवून दिलं आणि बजावलं, "अश्विनदादा, फाइल दुसरीकडं नेशील तं फॉन्ट सोबत नेजो. नाईतर अक्षरं दिसत नाईत."

"हो, मले माहीत हाये," अश्विन म्हणाला. मित्रांनो, 'मले माहीत हाये' म्हणणाऱ्या माणसाइतका धोका व्हायरसचाही नसतो.

त्या दिवशी मयुरीने आईला दुकानात नेऊन नकाशा दाखवला. तिच्या ओट्यावर आधी रेघ सरकत गेली आणि मग खाली अक्षरं लटकली. तसंच करायला मयुरीने सांगितलं होतं. प्रमिलाबाईने खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच पाहिलं. "मी लिहून नाई राह्यली, अन माह्याच हातचं उमटून राह्यलं," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला क्षण.

शुक्रवारी ओट्यांचं उद्घाटन होतं. आदल्या दिवशी भैय्याजींना वाटलं, नकाशात फटाके पाहिजेत. फाटकावर फटाक्यांचा इमोजी, टाळ्यांचा इमोजी आणि मधोमध, ठळक इंग्रजीत, अध्यक्षांचं नाव. अश्विन पेनड्राइव्ह घेऊन कमिटीच्या ऑफिसात गेला. नकाशा नेला, फटाके नेले, टाळ्या नेल्या. मला फोल्डरातच ठेवून गेला. वरात निघाली आणि नवरदेव घरी राहिला, तशातली गत.

फॉन्ट सोबत नसला की काही प्रोग्रॅम शेजारचा फॉन्ट उसना घेऊन वेळ मारून नेतात. ऑफिसातला जुनाट प्रोग्रॅम तेवढा शहाणा नव्हता. अक्षराचं रूप सापडलं नाही की तो त्याच्या जागी एक रिकामा चौकोन काढतो. प्रमिलाबाईच्या ओट्यावर उमटलं □□□□□. रुख्मिणीबाईच्या ओट्यावरही तेच, आणि पुढे सगळ्या ओळीभर तेच. इंग्रजी झळकत होतं, हिंदी झळकत होतं, फटाके उडत होते. अश्विनने फटाके नीट उडतात एवढं पाहिलं आणि नकाशाचा व्हिडिओ काढून गावातल्या सगळ्या ग्रुपांवर सोडून दिला.

आता तुम्हीच सांगा, बाजाराच्या नकाशात रिकामा चौकोन कशासारखा दिसतो? रिकाम्या ओट्यासारखा. आलू-कांद्याचा ठोक व्यापारी धर्मेंद्र याने व्हिडिओ पाहून भैय्याजींना फोन लावला. "भैय्याजी, बायांकडची पुरी लाइन खाली दिसून राह्यली. माहे बोरे ठेवू का?"

भैय्याजींनी व्हिडिओ लावला. एकेका नावाच्या जागी पाच-पाच चौकोन, त्यामुळे त्यांना तर भलतीच ऐसपैस जागा दिसली. "खालीच हाये," ते म्हणाले. "ठेवून दे." चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. तेव्हा डोक्यात बाया होत्या की फटाके, ते तेच जाणोत.

शुक्रवारी प्रमिलाबाई टोपलं आणि मेणकापड घेऊन आली, तर तिच्या ओट्यावर कांद्याने भरलेल्या बोऱ्यांची, म्हणजे पोत्यांची थप्पी.

"हा माहा ओटा हाये," ती म्हणाली.

"नकाशात तं खाली हाये, बाई," धर्मेंद्र म्हणाला आणि त्याने मोबाईल पुढे केला. तो खोटं बोलत नव्हता, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. मला मागे ठेवून त्यांनी खरं बोलणाऱ्या प्रमिलाबाईला खोटं पाडलं. नवं मेणकापड नालीच्या कडेला अंथरलं गेलं. बाकीच्या बायाही मुकाट्याने तिथेच येऊन बसल्या.

मयुरी लॅपटॉप घेऊन आली आणि आईला सोबत घेऊन थेट कमिटीच्या ऑफिसात गेली. तिथे तिने अश्विनच्या दुकानातून घेतलेला मूळ नकाशा लावला. मी जीव तोडून उमटलो. ओट्याओट्यावर नावं आली. भैय्याजींनी चष्मा वर ढकलला. "टेक्निकल लोचा झाला," ते म्हणाले.

"फॉन्टच तं राह्यला, काकू," तिथेच बसलेला अश्विन म्हणाला. "एवढं काय त्यात?"

फॉन्टच तं. मित्रांनो, हे शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अध्यक्षाचं नाव बराबर आलं," प्रमिलाबाई म्हणाली. "आमच्याच नावाले काऊन चौकोन?" पुढच्या शुक्रवारपर्यंत बोरे हटतील आणि नकाशा दुरुस्त होईल, असं ठरलं.

नकाशा दुरुस्त झाला. कसा, ते ऐका. फॉन्टची कटकटच नको म्हणून अश्विनने नावंच काढून टाकली आणि प्रत्येक बाईच्या ओट्यावर टमाट्याचा इमोजी बसवला. "कोन्याही मोबाईलवर दिसते, कोन्याही भाषेत समजते," तो खुशीत म्हणाला. भेंडीचा इमोजी त्याला सापडला नव्हता, आंबाडीचं तर नावच नको. प्रमिलाबाई टमाटे लावतसुद्धा नाही. इमोजींवर माझा राग नाही. बिचारे बोलावतील तिथे जातात आणि हसत उभे राहतात. पण टमाटा हे कुणाचं नाव नव्हे. आज तो प्रमिलाबाईचा, उद्या धर्मेंद्रचा, आणि भांडायला हातात काही नाही.

प्रमिलाबाईने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "मी टमाटर नाई," ती म्हणाली आणि खडूचा डबा टोपल्यात टाकला.

पुढचं सगळं मी मयुरीच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. बाजार भरायच्या आधी प्रमिलाबाई ओळीच्या पहिल्या ओट्यापाशी वाकली, पाण्यात खडू बुडवला आणि ओट्याच्या दर्शनी कडेवर रेघ ओढायला लागली. आपल्या ओट्यापाशी ती थांबली नाही. रुख्मिणीबाईचा ओटा, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, ओळ संपेपर्यंत एकच रेघ. मध्ये धर्मेंद्रचा एक बोरा अजून उभाच होता.

"बोरा सरकव, बाबू."

धर्मेंद्रने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सरकवला.

मग ती मागे फिरली आणि एकेका ओट्यापाशी बाईला नाव विचारून अक्षरं लटकवायला लागली. सगळ्यांची नावं तिला पाठ होती, तरी तिने विचारलं. प्रत्येकीला आपलं नाव आपल्या तोंडाने सांगायला लावलं. एवढ्यात भैय्याजी आले.

"हे काय करून राह्यली, बाई? नवे ओटे खराब करते काय?"

"नकाशा करून राह्यली."

भैय्याजींनी वाकून पाहिलं. ओलं सिमेंट, दुसरं काही नाही. ते हसले. "इथं तं काहीच नाई दिसत."

"दम धरा," प्रमिलाबाई हात धूत म्हणाली. "वाळलं का दिसन."

टिनाखालून ऊन ओट्यांवर आलं. आधी रेघ उठली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. मग तिच्याखाली नावं उमटायला लागली, एकामागून एक, फटाक्यांवाचून. भैय्याजी हसायचे थांबले. बाया आपापल्या नावामागे जाऊन बसल्या. प्रमिलाबाईने मेणकापड झटकलं आणि त्यावर आंबाडी मांडली.

मोबाईलवरच्या नकाशात अजून टमाटेच आहेत. ओट्यांवरचा खडू पाण्याने पुसतो, ती दर शुक्रवारी पुन्हा लिहिते. मी मयुरीच्या लॅपटॉपमध्ये पडून असतो, आणि माझा राग काही उतरलेला नाही. तेव्हा मित्रांनो, तुम्ही खुशाल हलते नकाशे करा, त्यांत इमोजी नाचवा, हव्या तेवढ्या भाषा घाला. पण कुणाचं नाव त्यात लिहाल तर त्याचं अक्षर सोबत न्या, आणि पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून शेवटपर्यंत बघा. आणि कुठे रिकामा चौकोन दिसला, तर त्यावर आपला बोरा ठेवण्याआधी एकदा विचारा, इथे कोण बसतं?