ठमीवर आलेला आळ

सोफे शिवणाऱ्याने मांजर पाळू नये, एवढी साधी अक्कल अख्ख्या गल्लीला होती. नव्हती ती फक्त सोफेवाल्याच्या बापाला. बापाने स्वतः पन्नास वर्षं खुर्च्या-सोफे उसवले आणि शिवले होते. तरी बायको गेल्यानंतर चार महिन्यांनी तो एक दिवस सदऱ्याच्या खिशात पिल्लू घालून घरी आला. त्या चार महिन्यांत म्हातारा कुणाशी धड बोलला नव्हता. पिल्लाशी मात्र तासन्‌तास बोलायला लागला. ते पाहून सोफेवाल्याने आणि त्याच्या बायकोने पिल्लाच्या नखांकडे कानाडोळा करायचं ठरवलं. पिल्लू खाऊन-पिऊन चांगलं गरगरीत झालं आणि त्याचं नाव ठमी पडलं.

कानाडोळा तरी किती दिवस चालणार? घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. तिथे गिऱ्हाइकांचे सोफे, फोमचे तुकडे, कापडाचे गठ्ठे, आणि मध्ये ठमी. एका वकिलाच्या आरामखुर्चीचा हात तिने असा ओरबाडला की नवं कापड लावून द्यावं लागलं, वर वकिलाचं भाषण ऐकावं लागलं ते वेगळंच.

मग सोफेवाला हात धुऊन मागे लागला. कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. संत्र्याच्या साली ठेवल्या. ठमीला मांडीवर दाबून धरून तिच्या नखांची टोकं कापली आणि मनगटावर चार ओरखडे मिळवले. शेवटी एका खांबाला जाड सुंभ घट्ट गुंडाळून तो खिडकीपाशी ठोकला. ठमीने दोन दिवस खांबाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या पायांवर उभी राहून तिने सुंभावर अशी काही नखं चालवली की म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"बघ, शिकली की नाही? कारागिराच्या घरचं जनावर आहे!"

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण सोफ्यांचं नुकसान काही थांबेना. सुंभाचे धागे निघत होते आणि इकडे शिवणीही उसवत होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी मोठा हिरवा सोफा शिवायला घेतला होता. त्याची खालची कड एकदा उसवली, आठवड्याने दुसऱ्यांदा उसवली. बाईंनी तारीख पुढे ढकलली. पण दुसऱ्यांदा ढकलताना त्यांचा आवाज बदलला होता.

"तुमच्या वडिलांचं नाव ऐकून मी इथे आले होते," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी सोफेवाल्याच्या बायकोने स्पष्टच सांगितलं. "अहो, मलाही लळा आहे तिचा. पण गिऱ्हाइकं तुटली तर खायचं काय? ताई घेऊन जाते म्हणतेय ना, जाऊ दे तिच्याकडे."

ताई म्हणजे सोफेवाल्याची बहीण. तिच्याकडे अंगण होतं. सोफेवाल्याने तरीही दोन दिवस काढले, कारण बाप परत गप्प होईल अशी त्याला भीती होती. शेवटी ठमीला टोपलीत घालून तो निघाला. म्हातारा दारापर्यंत आला, टोपलीच्या झाकणावर हात ठेवला आणि आत गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं सोफेवाल्याला रस्ताभर वाटत राहिलं.

सोफा तिसऱ्यांदा शिवून झाला. संध्याकाळी टेम्पो येणार होता. दुपारी जेवण उरकून सोफेवाला दोऱ्याची रिळं आणायला गेला आणि अर्ध्या तासात परतला. दारातच त्याचे पाय थबकले.

म्हातारा जमिनीवर मांडी घालून सोफ्यापाशी बसला होता. हातात पक्कड. कडेच्या पिना उपटून त्याने एका ताटलीत नीट गोळा केल्या होत्या. काम सफाईचं होतं. धागा कुठेही ओरबाडलेला नव्हता. टाका सोडवून सरळ ओढून काढलेला होता.

मांजराच्या नखाने धागा फुगतो, त्याचा फास बाहेर येतो. हे सोफेवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. मागच्या दोन्ही वेळीही त्याने हेच पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि ठमीला ओरडला होता.

"बाबा," तो म्हणाला.

म्हातारा दचकला नाही. "आता ठमी नाही," तो म्हणाला. "आता कुणाचं नाव घेशील?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"हात थांबत नाहीत रे. सोफा दिसला की वाटतं, उसवायला आलाय. मध्येच भानावर येतो, तोवर अर्धी शिवण गेलेली असते." त्याने पक्कड खाली ठेवली. "तू तिला पहिल्यांदा ओरडलास ना, तेव्हाच सांगणार होतो. मग म्हटलं, ओरडतोय तर ओरडू दे. मांजराला काय कळतंय!"

"मी आत्ता ताईला फोन करतो. आजच आणू तिला."

"नको. परत आळ तिच्यावरच येईल." म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत चक्क भीती होती, आणि सोफेवाल्याने बापाला घाबरलेलं आजवर कधी पाहिलं नव्हतं. "मी चार कपडे पिशवीत भरून ठेवलेत. मला कुठे सोडणार आहेस, तेवढं आधी सांग. ताईकडे असेल तर बरं."

काहीतरीच काय बोलता, असं म्हणायचा सोफेवाल्याला हक्क उरला नव्हता. पाठवून देण्याचा पायंडा त्यानेच तर पाडला होता.

आतून बायकोची पावलं वाजली. "आलात का हो? तो टेम्पोवाला विचारतोय, किती वाजता..." ती दारात आली आणि सोफ्याची उघडी कड बघून तिचा चेहराच उतरला. "अगं बाई! आता कुणी केलं हे?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

सोफेवाला झटकन बापाशेजारी खाली बसला. त्याने पक्कड उचलली. "मी केलं," तो म्हणाला. "शिवण वाकडी आली होती. बाबांनी दाखवली."

"पण टेम्पो..."

"उद्या ये म्हणावं. बाईंशी मी बोलतो."

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. सोफेवाल्याने मान वर केली नाही. बापाने जिथवर उसवलं होतं तिथून पुढे, स्वतःच घातलेले सरळ, पक्के टाके तो एकेक करून उसवायला लागला.