चार मुक्या पट्ट्या

करंगळीखालची पट्टी वाजली आणि भटूनानांनी तव्याचा चटका बसावा तसा हात मागे घेतला.

दिवाणखान्यातल्या मंडळींना वाटलं, म्हातारा गडबडला. नवी जागा, नवं वाद्य, समोर अनोळखी माणसं. कोणाचंही बोट घसरेल. प्रेमराज समजुतीनं म्हणाला, "होऊ द्या नाना, सावकाश. चुकलं तर चुकलं. इथं कोण मार्क देतंय?"

पण नाना चुकले नव्हते. त्यांनी पट्टीकडे निरखून पाहिलं, मग वाकून पियानोच्या खाली पाहिलं. कोणी खाली दडून मस्करी करतंय की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता. मग तेच बोट त्यांनी भीत भीत पुन्हा पट्टीवर टेकवलं. पुन्हा वाजली. खणखणीत वाजली.

"हाई कशी काय वाजनी?" नाना म्हणाले.

"दाबली म्हणून वाजली," सुलक्षणा हसून म्हणाली. घर तिचं आणि पियानोही तिचा.

"पन हाई तर मुकी ऱ्हास!"

कोणालाच काही कळेना. मागच्या खुर्चीवरून नानांची लेक सोनल उठून उभी राहिली.

भटूनाना म्हणजे पिंपळनेरच्या एका जुन्या दवाखान्यातले निवृत्त शिपाई. फरशी पुसणं, केसपेपर इकडून तिकडे नेणं आणि पेशंटच्या नातेवाइकांना व्हरांड्यात बिड्या ओढू न देणं, या तीन कामांत त्यांची नोकरी सरली. असा माणूस पियानो वाजवतो, हे सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पेटी म्हणायचंय का?" नाना कोणाला सांगायच्या भानगडीत पडत नसत. जळगावात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी हौशी पियानोवाले जमतात, हे सोनलला कळलं. ती धुळ्याच्या एका इस्पितळात नर्स आहे. तिनं नानांना न विचारताच नाव देऊन टाकलं.

इथला नियम साधा होता. आधी आपली पियानोची गोष्ट सांगायची, मग वाजवायचं, मग सगळ्यांनी मिळून भरीत-पुरी खायची. डिसेंबर असल्यानं भरताची वांगी परसदारी कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजली जात होती आणि तो वास पार दिवाणखान्यापर्यंत येत होता. पहिली गोष्ट सुलक्षणानं सांगितली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लहानपणी एका लग्नाच्या हॉलमध्ये तिनं पियानो पाहिला होता, झाकण उघडायची हिंमत झाली नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी पाटल्यांसाठी साठवलेल्या पैशांत तिनं पुण्याहून जुना पियानो आणला. जळगावात राहून सोन्याऐवजी लाकूड घेणारी बाई, म्हणून सासूबाईंनी वर्षभर अबोला धरला होता.

प्रेमराज नशिराबादचा, मोटार रिवायंडिंगवाला. लग्नाच्या बॅंडमध्ये गाडीवर बांधलेला कीबोर्ड वाजवायचा. एका बंगल्यात पाण्याची मोटार दुरुस्त करायला गेला आणि तिथे पियानो बघून मोटार विसरला. आता या पियानोचे स्क्रूही तोच पिळतो आणि सूरही तोच लावतो. तिसरी दिपमाला, एरंडोलच्या बॅंकेत कॅशियर. तिनं तर दोन वर्षं पुठ्ठ्यावर पट्ट्या काढून त्यावर सराव केला. "आवाज नव्हता, पण मला ऐकू यायचं," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

मग नानांची पाळी आली. नानांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं की, दवाखान्याच्या नर्सांच्या खोलीत पियानो होता, ते त्याच्यावरची धूळ पुसायचे. मेट्रन मार्थाबाईंनी एकदा त्यांना पुसता पुसता बोट दाबताना पकडलं. रागवायच्या ऐवजी बाईंनी शेजारी बसवलं आणि स्वतः रचलेली एक धून शिकवली, एकच. पुढं दवाखान्याची ती इमारत पाडली, तेव्हा पियानो भंगारात चालला होता. नानांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणला.

एक गोष्ट नानांनी सांगितली नाही. बायको, भुरीबाई, गेल्याला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून त्यांनी पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. त्यावर आता चादरींच्या घड्या असत. महिन्याभरापूर्वी त्यांनी सोनलला सांगून टाकलं होतं, भंगारवाल्याला बोलाव. सोनल रडली, भांडली आणि शेवटी सौद्यावर आली: एकदा, फक्त एकदा, धड पियानोवर वाजवा. त्यानंतरही नको वाटलं तर मी स्वतः भंगारवाल्याला घेऊन येते. नाना कबूल झाले. मनातून त्यांना ठाऊक होतं की नकोच वाटणार. पहाटेच्या एसटीनं दोघं निघाले ते हाच सौदा मिटवायला.

आणि आता ही पट्टी वाजली होती.

"नाना, काय व्हयनं?" सोनल जवळ आली.

नानांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पियानोत चार पट्ट्या मुक्या असतात. मार्थाबाईंनीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी नानांनी विचारलं होतं, ही का वाजत नाही? तर बाई म्हणाल्या होत्या, "ही बोलत नाही भटू, पण हिला वगळायचं नाही. बोट ठेवायचंच. गाणं इथे श्वास घेतं." नाना चाळीस वर्षं त्या चार जागी इमानेइतबारे बोट ठेवत आले, गाण्याला श्वास घेऊ देत आले. पेटीच्या सगळ्या पट्ट्या वाजतात हे त्यांना माहीत होतं. पण पेटी ती पेटी. पियानो मोठं वाद्य, मोठ्यांच्या तऱ्हा मोठ्या, असं त्यांनी धरून चाललं होतं.

प्रेमराजला हसू आवरेना. त्यात वाईट भाव नव्हता. त्यानं पियानोची पुढची फळी काढली आणि आतल्या हातोड्यांची रांग दाखवली. "हे बघा नाना. पट्टी दाबली की हातोडी तारेवर बसते. बोट ठेवून आहात तोवर आवाज राहतो. बोट उचललं की हा लोकरीचा नमदा तारेवर टेकतो अन् आवाज गप. तुमच्याकडं चार हातोड्यांचे नमदे उंदरांनी खाल्ले असतील, नाहीतर तार तुटली असेल. बाई गरीब दवाखान्याची, दुरुस्तीला माणूस कुठून आणणार? म्हणून श्वासाचं सांगितलं असेल तुम्हाला."

"म्हनजे बठ्ठ्या वाजतस?"

"बठ्ठ्या. सगळ्याच्या सगळ्या."

नानांचा चेहरा उतरला. सहासष्टाव्या वर्षी माणसाला कळावं की आपण ज्याला शहाणपण समजत होतो ते उंदरांचं काम होतं! दिपमाला तेवढी हसली नव्हती. ती म्हणाली, "नाना, पूर्ण वाजवा ना. बाईंनी रचलेली धून तुम्हीसुद्धा अजून पूर्ण ऐकलेली नाही."

हे मात्र खरं होतं. नाना पुन्हा बसले.

पहिली ओळ सुरू झाली. बोटांना वाट पाठ होती, डोक्याला विचारायची गरज नव्हती. ओळीच्या शेवटी करंगळी त्या पट्टीवर गेली आणि पुन्हा तो खणखणीत सूर निघाला. नाना या वेळी थांबले नाहीत. दुसऱ्या ओळीत दुसरी मुकी पट्टी आली, तीही बोलली. आणि तो सूर कानात शिरताच नानांची मान आपोआप मागे वळली.

हा आवाज त्यांनी ऐकला होता.

पियानोतून नाही. स्वयंपाकघरातून.

तिसरी पट्टी वाजली आणि शंका उरली नाही. नाना थांबले. दोन्ही हात मांडीवर पडले. सुलक्षणा पाण्याचा ग्लास घेऊन धावली. तिला वाटलं, छातीत कळ आली.

रोज संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर नाना पुढच्या खोलीत पियानोवर बसत आणि आत भुरीबाई भाकरी थापत असे. लग्नाआधी, अगदी दहा वर्षांची असल्यापासून, ती आईबरोबर नर्सांच्या स्वयंपाकघरात कामाला होती. नाना नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून. पियानो घरी आल्यावर नानांनी धून वाजवली की ती आतून मधेच गुणगुणायची. चार ठिकाणी, एकेकच सूर. नेमकी नानांच्या श्वासाच्या जागी. नानांचा तिळपापड व्हायचा. "मधमा मधमा गुनगुनू नको! मना ताल जास."

एकदा ती परात बाजूला सारून दारात आली होती, पिठाचे हात तसेच. "अशे नही शे ते," मुक्या पट्टीकडे बोट दाखवून ती म्हणाली होती. "बाई वाजाडे तव्हय आठे आवाज ये."

आणि नानांनी काय उत्तर दिलं होतं, तेही त्यांना अक्षरन् अक्षर आठवलं. "तुले काय समजस? तू तुनी भाकर टाक."

ती मुकाट्यानं आत गेली होती. त्यानंतर ती कधी गुणगुणली नाही. नानांना वाटलं होतं, बरं झालं, सुधारली. पंचवीस वर्षं घरात धून वाजत राहिली आणि आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला.

"सोनल," नाना म्हणाले. "तुनी माय."

सोनल पियानोला धरून उभी होती. तिचे डोळे आधीच भरले होते. ती लहान असताना ते गुणगुणणं तिनं आईच्या मांडीवर ऐकलं होतं; आईच्या पोटातून येणारा तो आवाज तिच्या गालाला लागायचा. "हां नाना," ती म्हणाली. "वळखं मी पन."

"ती खरं सांगे. आठेच, ह्या चार जागे, ती गुनगुने." नाना कोणाकडेच बघत नव्हते. "चाळीस वरीस मी चुकीनं वाजाडं. अन् जिले खरं गानं माहीत व्हतं, तिलेच मी गप बसाडं."

मघाशी हसल्याचं प्रेमराजला फार वाईट वाटत होतं. आपल्याला जे जमतं ते तरी करावं म्हणून तो म्हणाला, "नाना, मी पुढच्या रविवारी पिंपळनेरला येतो. चार हातोड्यांचं तर काम आहे. तुमचा पियानो बोलता करून देतो."

नानांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. सोनलनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, चला. ऱ्हाऊ द्या आते. घर जाऊत."

पण नाना उठले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि हात पुन्हा पट्ट्यांवर नेले. धून पहिल्यापासून सुरू झाली.

सुरू झाली, पण ऐकू येईना. बोटं तर चालत होती. वर खाली, उजवीकडे डावीकडे, चाळीस वर्षांच्या सवयीनं, पण पट्ट्यांना नुसती शिवून पुढं जात होती. एकही दाबली जात नव्हती. सुलक्षणानं गोंधळून प्रेमराजकडे पाहिलं. त्याच वेळी करंगळी ओळीच्या शेवटाला पोचली, आणि तिथं मात्र नानांनी पट्टी पुरती दाबली. एक सूर खोलीभर पसरला.

दिपमालाच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. नाना स्वतः गप बसले होते. आज वाजवत होती ती भुरीबाई.

पुन्हा बोटं मुकी चालू लागली. परसदारी कोणीतरी भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचत होतं, तो ठक ठक आवाज तेवढा येत होता. त्यात मधेच दुसरा सूर वाजला. बराच वेळ काही नाही. मग तिसरा.

चौथी मुकी पट्टी धुनेच्या अगदी शेवटी होती. चाळीस वर्षं नानांची धून आवाजाविना संपत आली होती. ते बोट ठेवायचे, गुपचूप उचलायचे आणि जेवायला बसायचे. आता ते बोट त्या पट्टीवर येऊन क्षणभर थांबलं. मग नानांनी ती हळूच दाबली.

सूर निघाला, भरला, आणि थोडा थोडा बारीक होत गेला. ठेचणंही तेवढ्यात थांबलं होतं, म्हणून तो अगदी शेवटपर्यंत ऐकू आला.

सुलक्षणानं बराच वेळ वाट पाहिली. मग ती अलगद म्हणाली, "नाना, जेवायला चला. पुऱ्या गार होतील."

नानांनी ऐकलं असावं. पण बोट उचललं की आवाज गप होतो, हे प्रेमराजनं त्यांना नुकतंच सांगितलं होतं. सूर तर केव्हाच संपला होता. नाना बोट तसंच ठेवून बसून राहिले.