पाठमोरी

स्टुडिओत तिला सगळे ‘कात्री’ म्हणायचे. कॅमेरावाल्यांनी बर्फात काकडत, नाकाचा शेंडा कसाबसा वाचवत आणलेलं चित्रीकरण ही बाई उबदार खोलीत खुर्चीवर मांडी घालून कचाकच कापायची, म्हणून कात्री. नाव साहेबांनी ठेवलेलं, आणि तिनं ते कानातल्या डुलासारखं मिरवलेलं.

पण पेंग्विनांच्या माहितीपटात एका जागी ही कात्रीच अडून बसली होती.

प्रसंग साधा. मादी अंडं घालते, पायांवर सांभाळते, मग ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे चालू लागते. पोटात अन्नाचा कण नाही आणि समुद्र कुठच्या कुठे. ती जाते, थांबते, मान वळवून मागे बघते, पुन्हा चालू लागते. पाठमोरी, लहान लहान होत, शेवटी पांढऱ्यावरचा एक ठिपका. बस्स. निवेदन नाही, संगीत नाही. पायांखाली चुरचुरणारा बर्फ तेवढा ऐकू येतो, आणि तोही त्यांच्या ध्वनीवाल्यानं, खडखड्यानं, कॉर्नफ्लॉरची पुरचुंडी माइकसमोर दाबून दाबून काढलेला.

“काही घडतच नाही गं यात,” साहेब म्हणाले होते. “एक पक्षी जातोय. गेला. कळलं लोकांना. लोकांना काय तिला स्टॉपपर्यंत सोडायला जायचंय?”

“जायचंय,” कात्री म्हणाली होती.

तिला ती चाल ओळखीची होती. लेक पाच महिन्यांची झाली तशी ती कामावर परतली, आणि तेव्हापासून रोज सकाळी तशीच चालत होती. वर दारात सासूबाईंच्या कडेवर लेक, मूठ तोंडात कोंबलेली. ही जिना उतरायची, वळणावर थांबायची, वर बघायची, पुन्हा उतरायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार नेमकं तेव्हाच उघडायचं. “एवढंसं लेकरू टाकून जातेस, जीव कसा होतो गं तुझा?” यावरची झणझणीत उत्तरं तिला सुचायची ती संध्याकाळी, भांडी घासताना. मग ती भांडीच जोरात आपटायची.

तो प्रसंग म्हणजे तिचं उत्तर होतं. तरी साहेबांच्या धाकानं शेवटचा एक तुकडा तिनं छाटलाच होता. ठिपका नाहीसा होतो तो तुकडा. त्याची बोच मनातून जात नव्हती.

असा वाद पडला की निकाल प्रेक्षकांनी द्यायचा, हा स्टुडिओचा शिरस्ता. आजूबाजूच्या लोकांना रविवारी दुपारी खालच्या छोट्या सभागृहात बोलवायचं, फुकट दाखवायचं, वर चहा-बिस्किटं द्यायची. साहेब शेवटच्या रांगेत बसायचे. त्यांचं गणित सोपं होतं. अंधारात मोबाइल पेटायला लागले की लोक कंटाळले. तो प्रसंग उडवायचा. कात्री मात्र पडद्याशेजारी भिंतीला स्टूल टाकून प्रेक्षकांकडे तोंड करून बसायची. चित्र तिला पाठ असायचं, तिला चेहरे बघायचे असायचे. पडद्याच्या वर, सगळ्यांच्या नाकासमोर, एक भलंमोठं घड्याळ होतं. त्याचे हिरवे आकडे अंधारात भुताच्या डोळ्यांसारखे चमकायचे. खडखड्या त्याला रोज शिव्या घालायचा, पण ते उतरवायला शिडी काही आणायचा नाही.

त्या रविवारी सभागृह भरलं होतं. पहिला पेंग्विन डुलत आला तशी पोरं ओरडली, “हेडसर! हेडसर!” हेडसर दुसऱ्या रांगेतच होते; तेही हसले, पण जरा उशिरा. एक पेंग्विन पोटावर घसरत पाण्यात पडला तेव्हा टाळ्या. अंडं या पायांवरून त्या पायांवर जाताना मात्र कुणी श्वास सोडला नाही. “अगं सांभाळ, पडेल!” कुणीतरी आजी पडद्याला दटावत होत्या. अंडं नराच्या पोटाखाली गेलं आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याला कोपर मारलं.

“बघा जरा. दोन महिने उभा राहणार आहे बिचारा. तुम्हाला पोर दहा मिनिटं धरवत नाही.”

“त्याला ऑफिस नसतं.”

“अन् तुम्हाला नसतं तेव्हा घरी काय दिवे लावता?”

हशा पिकला. आणि मग ती मादी चालू लागली. चुर्र, चुर्र, चुर्र.

कात्रीनं पदर नीट केला. दूध दाटून आलं होतं. लेकीची दुपारची वेळ टळली होती.

हसणं हळूहळू विरलं. मादी थांबली, मागे बघितलं. तेवढ्यात पहिला मोबाइल पेटला. मग दुसरा. मग इकडे दोन, तिकडे चार. साहेब मोजत असणार, कात्रीला वाटलं. पण तिला समोरून दिसत होतं ते वेगळंच होतं. खालून उजळलेल्या चेहऱ्यांवर कंटाळा नव्हता. कडेला बसलेला जाडजूड बसड्रायव्हर मोबाइलकडे बघत ओठ चावत होता. गणवेशातल्या नर्सनं फोन कानाशी धरून तळहाताआड विचारलं, “जेवलीस का गं?” आणि अगदी मागे, शेवटच्या रांगेत, आणखी एक चेहरा उजळला आणि बराच वेळ उजळलेलाच राहिला.

दिवे लागले तसे साहेब तरातरा पुढे आले.

“पाहिलंस? काजवे! अख्खं झाड पेटलं होतं काजव्यांनी!”

“मी समोरून पाहिलं, साहेब. ते कंटाळले नव्हते.”

“चल, त्यांनाच विचारू.”

बाहेर व्हरांड्यात चहाशी साहेबांनी ड्रायव्हरला गाठलं. “काय राव, मादी जात होती तेव्हा मोबाइल का काढलात?”

“वेळ बघितली हो. ड्यूटी आहे संध्याकाळची.”

“आणि ताई, तुम्ही?”

“मीही वेळच,” नर्स बिस्किट बुडवत म्हणाली.

तिसरा, चौथा, सगळे वेळच बघत होते. साहेबांनी कात्रीकडे असं बघितलं, की झालं समाधान?

कात्रीचे कान तापले. “पडद्यावर घोड्याएवढं घड्याळ लटकतंय,” ती म्हणाली, “आणि तुम्ही सगळे खिशात वेळ शोधत होतात? आणि ताई, तुमची वेळ कानाला लावून ऐकावी लागते?”

नर्सला ठसका लागला. मग ती हसली. “आई एकटी असते घरी. वाटलं, विचारावं.”

ड्रायव्हरनं मान खाली घातली. “धाकटी वसतिगृहात गेली परवा. तिचा फोटो आहे माझ्या मोबाइलवर. बाकी काही नाही.”

“मग तेच ना!” साहेबांनी कप ठेवला. “लक्ष उडालंच ना चित्रावरून!”

“उडालं नाही, साहेब. लागलं. जिथं लागायला हवं होतं तिथं लागलं.”

“हे बघ, मला काव्य नको. तो प्रसंग जाणार. तू कापला नाहीस तर दुसरा कुणी कापेल.”

 खडखड्या दारात पुरचुंडी हातात घेऊन उभा होता, त्याचा हात थांबला.

“कापू दे,” कात्री म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, भांडी आपटल्यासारखा. “मग माझं नावही काढा आणि मला कामावरूनही काढा. मी जाईन. जायची मला सवय आहे, रोज सकाळी जाते. पण माझ्या हातानं ती बाई मध्येच तुटणार नाही. ती पूर्ण चालणार.”

“धमकी देतेस?”

“नाही. सांगतेय.” कात्री म्हणाली. “आणि साहेब, समोरून शेवटची रांगसुद्धा दिसते.”

साहेबांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला. पुढचं ती बोलली नाही. बोलता आलं असतं. चारचौघांत त्यांचं पार हसं करता आलं असतं. 

“मी,” साहेब म्हणाले, “वेळ बघत होतो.”

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरनं तर त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

साहेबांनी बिस्किट उचललं नाही. “राहू दे तो प्रसंग,” ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, “पण पुन्हा माझ्याशी या सुरात बोलायचं नाही,” आणि जिन्याकडे गेले. थोड्या वेळानं जिन्यातून त्यांचा आवाज आला, कधी न ऐकलेला, मऊ. “हॅलो… अरे, काही नाही. सहजच केला. बरा आहेस ना?”

कात्रीनं घरी फोन लावला. पलीकडून आधी लेकीचं भोकाड, मग सासूबाई. “ये गं सावकाश. रडतेय ती लाडानं, भुकेनं नाही. बाटली संपवलीय आत्ता. कसं झालं तुझं?”

“राहिला, आई.”

“राहणारच,” सासूबाई म्हणाल्या. पेंग्विन काळा की गोरा हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

निघण्यापूर्वी ती वर खोलीत गेली, छाटलेला तुकडा शोधला आणि जिथला तिथं जोडला. मादी ठिपका झाली, ठिपका आणखी बारीक झाला, आणि मग नुसता बर्फ राहिला. बर्फ मात्र त्या तुकड्यात मुका होता; त्याला आवाज दिलेलाच नव्हता.

“खडखड्या,” तिनं दाराबाहेर हाक मारली, “पुरचुंडी आण. अजून पावलं लागणार आहेत.”

“साहेबांना विचारलंस?”

“नाही.”

खडखड्यानं बाह्या सरसावल्या. “कुठपर्यंत दाबू?”

“ती दिसेनाशी होईपर्यंत,” कात्री म्हणाली, “आणि त्याच्याही थोडं पुढं.”