नखाएवढी चांदी

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. गोष्ट दोन भावांची आहे आणि ती हळूच सांगायची आहे. देवाने दोघांनाही प्रेम भरभरून दिलं होतं, पण जीभ दिली ती थोरल्यालाच, आणि तिथेच घोटाळा झाला.

थोरला टेबलावरचा सरसाचा डाग नखाने खरवडत होता.

"अहो, तो डाग आपल्या लग्नाइतका जुना आहे. आज निघायचा नाही," बायको आतून म्हणाली. "पुतणी येतेय, टेबल तपासायला नाही येत कुणी."

"येईल ना गं ती?"

"येते म्हणाली ना फोनवर? मग बसा की एका जागी!"

तो बसला. जन्मभर त्याने पुस्तकं बांधली होती. वाकलेल्या कण्याची, पानं सुटलेली पुस्तकं त्याच्या हातातून ताठ होऊन बाहेर पडायची. आज मात्र तेच हात पुन्हा पुन्हा सदऱ्याच्या खिशाशी जात होते. खिशात पुठ्ठ्याची एक छोटी चौकोनी डबी होती.

त्या डबीची हकीकत अशी. वडिलांकडे चांदीचं एक नाणं होतं. दर सुट्टीला ते राखेने असं घासायचे, की दोघं भाऊ त्यात आपापलं नाक बघायला भांडत. वडील गेले आणि नाणं थोरल्याकडे आलं. त्याच सुमाराला त्याचं लग्न झालं. बायकोच्या आत्याने तिलाही तसंच एक नाणं दिलं होतं. नवा नवरा, नवा हुरूप! एका संध्याकाळी त्याने पुस्तकबांधणीच्या गवती पुठ्ठ्याच्या एकाच तुकड्यातून दोन डब्या केल्या, ऐन नाण्याच्या मापाच्या. नाणं उचलायला बोट शिरावं म्हणून प्रत्येकीत काठाशी अंगठ्याच्या नखाएवढी खाच ठेवली. त्या खाचेचं त्याला फार कौतुक होतं.

पुढे त्याला लांबच्या एका छापखान्यात काम लागलं. भाड्याच्या खोलीत चांदी कुठे सांभाळायची, म्हणून वडिलांचं नाणं त्याने धाकट्याच्या हाती दिलं.

"डबीसकट जपतो, दादा," धाकटा म्हणाला.

बायकोची डबी ट्रंकेच्या तळाशी गेली आणि तिथेच विसरली गेली.

थोरला परतला तेव्हा त्याचे केस पिकायला लागले होते. धाकट्याने कपाटातून डबी काढली, दोन्ही हातांनी पुढे धरली. थोरल्याने झाकण उघडलं तर काय! नाणं काठाला गर्द निळं, आत जांभळं, मध्यावर जुन्या मधासारखं पिवळं. एका बाजूला, काठाशी, नखाएवढी कोर तेवढी पांढरी.

"हे आपलं नाणं नाही."

"तेच आहे, दादा. रंग धरलाय त्याने."

"चांदी कधी निळी होते का रे? मला शेंडी लावतोस?"

धाकटा नाण्याकडे बघत राहिला. त्याला आधीच बोलायला कमी सुचायचं, त्यात समोर दादा. ते गप्प राहणं थोरल्याला कबुलीच वाटलं. नाणं तिथेच टाकून तो उठला आणि पुन्हा त्या घराचा उंबरा चढला नाही. रस्त्यात धाकटा दिसला, की हा चपलेचा पट्टा बघायला वाकायचा. धाकटा आजारी पडला, गेला. त्या दिवशी हा लोकांच्या मागे उभा राहिला. पुढे होऊन तोंड बघायचा धीर झाला नाही.

ऋतू पालटला. नातीसाठी काहीतरी शोधायला बायकोने ट्रंक उपसली आणि तळातून ती दुसरी डबी निघाली. उघडली. काठ गर्द निळा, आत जांभळा, मध्यावर मध. आणि बरोबर खाचेसमोर नखाएवढी पांढरी कोर.

त्या दिवशी थोरला जेवला नाही. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन जुनी नाणी विकणाऱ्या एकाकडे गेला. त्या माणसाने भिंग लावलं आणि तो हरखलाच.

"घासू नका हं कधी! हौशी लोक असल्या रंगावर जीव टाकतात. पुठ्ठ्यात गंधक असतं, ते वर्षानुवर्षं चांदीला लागत राहतं. या खाचेपाशी पुठ्ठा नव्हता, म्हणून तेवढी चांदी पांढरी राहिली." मग हसून म्हणाला, "डबी कुणी केली होती? ज्याने केली त्यानेच रंगवलंय हे."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती डबी हातात घेऊन खाचेवरून बोट फिरवत राहिली.

"डबी करायला हात होते," शेवटी म्हणाली. "भावाच्या तोंडाकडे बघायला डोळे नव्हते."

म्हणून त्याने पुतणीला फोन केला. मनात फार काही नव्हतं. दोन नाणी शेजारी ठेवायची, कोरीला कोर लावून दाखवायची आणि मुलीच्या देखत म्हणायचं, तुझा बाबा खरं बोलत होता. पण फोनवर तोंडातून एवढंच निघालं, "बाबाकडचं ते नाणं आहे ना? घेऊन ये."

दार वाजलं. पुतणी आत आली. वळणं सगळी बापाची, बसतानाही तशीच खुर्चीच्या कडेला टेकली. काकूने पुढे केलेलं पाणी ती घटाघटा प्यायली आणि तिने पिशवीतून मखमलीची लाल डबी काढली.

"तुमचं तुम्हाला, काका. बाबांनी शेवटपर्यंत जपलं."

थोरल्याने झाकण उघडलं. नाणं पांढरंशुभ्र होतं. डोळे दिपावेत असं. जवळ धरलं तेव्हा बारीक ओरखडे दिसले, गोल गोल फिरलेले.

"काल अख्खी दुपार घासत होते," ती उत्साहाने सांगत होती. "आधी दंतमंजन लावलं, मग लिंबू. हात अजून काळे आहेत बघा. आता तरी ओळखाल ना?"

"आणि ती डबी? पुठ्ठ्याची?"

"ती होय? कुबट वास यायचा तिला. टाकून दिली."

खिशातली डबी काढायला गेलेला त्याचा हात खिशावरच थांबला.

"हेच," तो म्हणाला. "हेच आमचं नाणं."

मुलीचे डोळे भरून आले. तिने ओढणीने नाक पुसलं आणि रडता रडताच हसली.

"बघा! एवढंसं काम! किती वेळा म्हटलं मी बाबांना, घासून नेऊन द्या, मिटून जाईल. पण नाही. म्हणायचे, दादाने ठेवलंय तसंच राहू दे, मी हात लावला तर त्याला वाटेल मी काहीतरी केलं. हट्टी कुठले! त्यांच्या हट्टापायीच गेली ना काका, सगळी वर्षं?"

काकू चहाचा कप घेऊन दारात उभी होती. ती मुलीकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

खिसा तसाच ठेवता आला असता. मुलगी हलक्या मनाने घरी गेली असती, आणि काकाने शेवटी ओळखलं म्हणून चारचौघांत सांगत सुटली असती. फक्त हट्टाचा डाग तेवढा धाकट्यावर राहिला असता. आधीच्या डागावर हा दुसरा.

थोरल्याने डबी काढली, उघडली आणि तिच्यासमोर ठेवली.

"हे तुझ्या काकूचं नाणं. त्याच पुठ्ठ्याच्या डबीत होतं. दोन्ही डब्या मी केल्या होत्या."

ती वाकली. निळा काठ बघितला, जांभळं बघितलं, कोरीपाशी तिचं बोट थांबलं. मग तिने दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले आणि काळी बोटं ओढणीत लपवली.

"म्हणजे मी ते..."

"तू नाही, बाळा. तू बापासाठी घासलंस." त्याने पांढऱ्या कोरीवर बोट ठेवलं. "तो खरं बोलत होता. त्याच दिवशी. मी बघितलं नाही."

काकूने कप टेबलावर ठेवला आणि पुतणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोरल्याने खाचेत बोट घालून बायकोचं नाणं बाहेर काढलं. त्याच्या जागी वडिलांचं पांढरं नाणं बसवलं. ऐन मापाची डबी, जराही हललं नाही. झाकण लावून ती त्याने दोन्ही हातांनी पुतणीपुढे धरली.

"अहो काका, हे तुमचं आहे."

"तुझ्या बाबाकडे ठेवायला दिलं होतं," तो म्हणाला. "तिथेच राहू दे."

तिने डबी घेतली. "रंग येईल परत?"

"येईल. सावकाश. तू बघशील."

एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल. एखादे दिवशी कपाटाच्या कोपऱ्यातून काळवंडलेली चांदी निघेल आणि हात आपसूक राखेकडे जाईल. तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या धाकट्याची आठवण काढा. राख त्याच्याही घरात होती. घासलं असतं तर भाऊ परत मिळाला असता. तरी त्याने नाणं डबीसकट जपलं.