पारिसाअण्णांच्या गाडीचं छत

तेलाचा थेंब एकदम पडत नाही. आरशाच्या वर, छताच्या कडेला आधी नुसता ओलसर डाग दिसतो. मग तो फुगतो, खाली झुकतो, मानेपाशी बारीक होतो आणि सुटतो. मंजुश्रीने त्याच्याखाली पांढरा कागद धरला. थेंब कागदावर पसरला. कडेला पिवळसर, मधोमध काळपट.

"सीलचं रबर झिजून तेलात उतरलंय," ती म्हणाली.

"तेलात उतरू दे गं, नवरदेवाच्या फेट्यावर उतरलंय त्याचं काय?" पारिसाअण्णा म्हणाले. "मागच्या लग्नात पोरगं विचारतंय, अण्णा, पाऊस आला का? मी म्हटलं, व्हय बाबा, पाऊस. ऐन वैशाखात!"

गाडीखाली चटई अंथरत असलेले मंजुश्रीचे वडील, यमनाप्पा, खो-खो हसले.

पारिसाअण्णा निपाणीचे. तंबाखूचा व्यापार पोरांच्या हवाली करून त्यांनी ही लाल, उघडमिट करणाऱ्या छताची जुनी जर्मन गाडी घेतली होती आणि ती वरातीला भाड्याने द्यायचे. बटण दाबलं की छत उचललं जायचं आणि घडी होऊन मागे जाऊन बसायचं. निपाणीपासून संकेश्वरपर्यंत लोक नवरा-नवरीला सोडून ते छतच बघत उभे राहायचे. आता मात्र ते अर्ध्यावर येऊन अडकत होतं. दोन्ही बाजूंनी छत उचलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे दोन सिलेंडर आणि पुढची कडी सोडवणारा एक छोटा, तिन्ही गळत होते. परदेशातून नवे यायला फार दिवस लागले असते, आणि उद्या त्यांच्या पुतणीची, सोनलची वरात होती. म्हणून महिन्यापूर्वीच त्यांनी मंजुश्रीला गाठलं होतं.

मंजुश्री फिजिक्सची एम.एस्सी. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती असेच सिलेंडर तपासायची. दुसऱ्यांनी बनवलेला सिलेंडर दाबाखाली धरायचा, गळतो का बघायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. हे तीन मात्र तिने स्वतः बनवले होते. जुन्यांची मापं घेऊन, सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या लेथवर नळ्या आणि दांडे कातून घेऊन, सील स्वतः निवडून.

ते बसवायला तिने गाडी वडगावात आप्पांच्या कापड विणायच्या मागांच्या शेडमध्ये आणली होती. आप्पा म्हणजे यमनाप्पा. गुडघे धरल्यापासून त्यांनी कोपऱ्यातला एक माग ठेवून बाकीचे विकले होते. शेड रिकामी पडली होती. 'तुझं सिलेंडरचं काम हितं चालू कर' असं ते दर दिवाळीला म्हणायचे आणि मंजुश्री दर दिवाळीला 'बघते' म्हणायची. आता गल्लीतला यल्लाप्पा शेड गोडाऊनसाठी मागत होता. आज संध्याकाळी तो किल्ली न्यायला येणार होता.

"त्यो यायच्या आत सांग," आप्पांनी सकाळीच बजावलं होतं. "व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण. पण 'बघते' म्हणू नगंस."

'बघते'चं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कारखान्यात नापास झालेल्या सिलेंडरला ती लाल चिठ्ठी अडकवायची आणि तो नजरेआड व्हायचा. आपल्याच कामाला तशी चिठ्ठी अडकवायची पाळी आली तर, या विचाराशी येऊन ती दर वेळी थांबायची.

दुपारपर्यंत जुने सिलेंडर निघाले. बाजूच्या प्रत्येक सिलेंडरला दोन नळ्या होत्या. एकीतून तेल आलं की दांडा बाहेर, दुसरीतून आलं की आत. नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने शेडमधल्याच कांडीवरचा धागा घेतला आणि एकीला तांबडा, दुसरीला जांभळा असा बांधून ठेवला. आप्पांनी गाठी तपासल्या आणि मान डोलावली. नवे सिलेंडर बसले. तिने पंपात ताजं तेल भरलं.

"दाब," आप्पा म्हणाले.

पुढची कडी सुटली. छत जरासं उचललं, आणि पुढच्याच क्षणी डावी बाजू वर, उजवी खाली, असं तिरकं होऊन करकरलं. मंजुश्रीने बटणावरचं बोट झटकन काढलं.

पारिसाअण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"उद्याच्याला बैलगाडी सांगू काय?" त्यांनी हळूच विचारलं.

मंजुश्रीने छताला लाकडी टेका दिला, टॉर्च घेतला आणि उजव्या बाजूला वाकली. नळ्यांवरचे दोन्ही धागे तेलात भिजून सारखेच काळे झाले होते. तांबडा कुठला आणि जांभळा कुठला, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. बसवतानाच रंग नीट ओळखू येत नव्हते म्हणून तिने नळ्या अंदाजाने बसवल्या होत्या, आणि अंदाज एका बाजूला चुकला होता. एक सिलेंडर ढकलत होता, दुसरा ओढत होता.

"धागा तेलात काळा पडणार, हे मला कळायला पायजे होतं," ती म्हणाली.

"आणि मला न्हाय?" आप्पा म्हणाले. "जन्म गेला माझा धाग्यात. गाठी तेवढ्या बघत बसलो मी!"

"माझं चुकलं, आप्पा."

"चुकलं तर चुकलं. मागावर दोरा तुटला तर काय करतोय आपण? बांधतोय. फिरीव त्या नळ्या."

तिने पाना घेतला. दोन नळ्या सोडल्या, फिरवल्या, आवळल्या. सांडलेलं तेल पुसलं, पंपात पुन्हा भरलं. हात धुऊन आल्यावर तिच्या लक्षात आलं, की लाल चिठ्ठीची आठवणसुद्धा आली नव्हती. चूक सापडली, चूक गेली. कारखान्यात चूक दुरुस्त करायचा हा भाग तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

टेका काढून तिने पुन्हा बटण दाबलं. नळ्यांतली हवा निघेस्तोवर छत दोनतीनदा अडखळलं. मग ते एका दमात उचललं गेलं, दोन्ही खांद्यांवर सारखं तोललं गेलं, घडी झालं आणि मागे अलगद जाऊन बसलं.

"अगाई गं!" चहा घेऊन आलेली आई, बायाक्का, दारातच थांबली. "परत कर की."

मंजुश्रीने परत केलं. मग आईने बटण दाबलं, मग पारिसाअण्णांनी दाबलं, मग पुन्हा आईने. आप्पा पुढच्या सीटवर जाऊन बरोबर आरशाखाली डोकं धरून बसले.

"माझं टक्कल हितं ठेवतो. थेंब पडला तर लगेच कळंल."

"पडला तर चोळून घ्या," आई म्हणाली. "केस तरी येतील!"

पडला नाही. चहा संपला, तरी पडला नाही. तेव्हा पारिसाअण्णांनी बायाक्काला मागच्या सीटवर बसवलं, छत उघडलं आणि वडगावच्या गल्लीतून हॉर्न वाजवत एक फेरी मारली. पोरं मागे धावली, माग थांबवून बायका दारात आल्या, आणि बायाक्काने दोन्ही बाजूंना हात हलवले. परत आली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"आमच्या लग्नात ही गाडी कुठं होती वो?" तिने आप्पांना विचारलं.

"तवा तुझा बा सायकलसुदीक द्याला तयार नव्हता," आप्पा म्हणाले.

त्या हसण्यातच यल्लाप्पाची स्कूटर दारात येऊन थांबली. गाडीला वळसा घालून तो आत आला, भिंतींवरून नजर फिरवली आणि पोती कुठे लागतील याचा हिशेब मांडल्यासारखा मान हलवू लागला.

"काय यमनाप्पा, किल्ली देतोस न्हवं?"

आप्पांनी खिशात हात घातला आणि तो तिथेच ठेवला. ते मंजुश्रीकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. आईने कप गोळा करायचे थांबवले.

मंजुश्रीने हातातला पाना गाडीच्या टपावर ठेवायला उचलला. टप नव्हताच. तिला हसू आलं.

"यल्लाप्पामामा, शेड मिळायची न्हाय," ती म्हणाली. "मी नोकरी सोडतेय. हितं माझं सिलेंडरचं वर्कशॉप होणार."