नवशिक्यांसाठी उत्तम

व्हर्ना मावशी चौदा वर्षं रोज पहाटे साडेचारला उठून वाऱ्याचं पत्र लिहीत होती, आणि त्या चौदा वर्षांत तिने एकदाही नदीत पाय घातला नव्हता.

गावात हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. हूड रिव्हर या आमच्या नदीकाठच्या गावात सकाळी सहाच्या सुमाराला मावशीचं पत्र फोनवर आलं, की मगच लोकांचा दिवस ठरतो. उन्हाळ्यात नदीवरचा वारा, हिवाळ्यात डोंगरावरचा बर्फ. आमचा दंतवैद्य ते पत्र वाचून पेशंटच्या वेळा बदलतो. 'आज पंचवीस मैल' असं दिसलं, की त्याच्या खुर्चीत दुपारी कुणी नसतं आणि शिडाची फळी लादलेली त्याची गाडी नदीकाठी असते. मावशी मूळची नासपतीच्या बागांतली. वसंतात मोहोर हिमाने जळू नये म्हणून तिथे पहाटेचा पहारा असतो. त्या पहाऱ्यात ती थर्मामीटर आणि हवेच्या दाबाचे आकडे वाचायला शिकली, आणि मग तो नादच लागला. समुद्राकडची हवा गार, डोंगरापलीकडच्या वाळवंटातली तापलेली, आणि मधे आमची दरी म्हणजे नरसाळं. दोन्हीकडच्या दाबात किती फरक आहे ते बघून मावशी वारा सांगायची. दहापैकी नऊ वेळा बरोबर यायचं.

पाण्यात न उतरण्यावरून मी तिला कधी छेडलं, तर म्हणायची, "स्वयंपाक करणाऱ्याचं पोट वासानेच भरतं, ऑड्रा."

मी नदीकाठी विंडसर्फिंगची, म्हणजे शिडाच्या फळीवरून वाऱ्याने जायला शिकवणारी, शाळा चालवते. दर शुक्रवारी सकाळी बायकांचा नवा वर्ग असतो. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मावशीने लिहिलं होतं: 'पश्चिमेचा वारा, ताशी दहा ते चौदा मैल, दुपारपर्यंत तसाच. मुरलेल्या मंडळींना हा पुरणार नाही, त्यांनी घरचं गवत कापावं. नवशिक्यांसाठी उत्तम.'

सहा बायका यायच्या होत्या, पाच आल्या. शाळेच्या छपरावर मावशीचं वारा मोजायचं यंत्र आहे. त्यात चिमणीने काड्या भरल्या होत्या, म्हणून मावशी शिडी घेऊन आली होती. मी पाचजणींना सांगितलं, की त्या वर चढल्यात ना, त्याच पत्र लिहितात. पोर्टलंडहून आलेली इमोजेन नावाची एक बाई एकदम शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"तुम्ही? मी चार वर्षं तुमचं पत्र वाचतेय. तुम्ही तर रोज पाण्यात असाल."

"रोज नाही," मावशी वरून म्हणाली.

"मग शेवटचं कधी गेला होतात?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी पाण्यात घालायचे रबरी वेट-सूट मोजत असल्यासारखं केलं. खोटं बोलणं तिला जमत नाही. ती खाली उतरली, हात झटकले आणि म्हणाली, "गेलेच नाही."

पाचहीजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मलाच वाईट वाटलं, पण तोंडातून निघालं भलतंच. "मावशी, एक फळी रिकामी आहे. आणि नवशिक्यांसाठी उत्तम आहे, असं मी कुठेतरी वाचलं."

"तू तुझ्या आईवर गेलीस," मावशी म्हणाली. "तीसुद्धा चारचौघांत गाठायची."

पण सूट घातला तिने. एकसष्ट वर्षांची बाई. पाठीवरची चेन वर ओढायला दोघी लागल्या. तिला पोहता येत होतं, शाळेच्या तलावात ती आठवड्याला दोनदा जायची. प्रश्न पोहण्याचा नव्हता. मला नंतर म्हणाली, "वारा कसा लागतो हे कळलं तर आकडे नीट वाचता येणार नाहीत, अशी भीती वाटायची." मला ते तेव्हा कळलं नाही. अजूनही पूर्ण कळलंय असं नाही.

आमची शिकायची जागा म्हणजे दगडी बांधाच्या आडोशाची एक छोटी खाडी. तिथे लाटा येत नाहीत. मावशी तीनदा पडली, चौथ्यांदा उभी राहिली. शीड उचललं, दांडा धरला आणि फळी चालायला लागली. अगदी हळू, म्हातारं कुत्रं फिरायला निघतं तशी. तरी तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"खांद्यात लागतो गं," ती ओरडून म्हणाली. "मला वाटायचं हातात लागत असेल."

पाऊण तास छान गेला. मग मी पाहिलं, की मावशी फळीवर ताठ उभी राहून पश्चिमेकडे बघतेय. लांबवर नदीचं पाणी काळं पडत आमच्याकडे येत होतं. असं पाणी काळं पडतं तेव्हा मागून जोराचा वारा येतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

"ऑड्रा," ती म्हणाली, "हे माझ्या पत्रातलं नाही."

समुद्राकडचे ढग तिच्या हिशेबापेक्षा सहा तास आधी दरीत शिरले होते. दोन मिनिटांत वारा चौदाचा अठ्ठावीस झाला. मी ओरडले, "शीड सोडा, शीड पाण्यात टाका." पाचजणींनी टाकली. मावशीने टाकलं नाही. नवशिका माणूस घाबरला की जे हातात असतं ते घट्ट धरतो. फळी सुसाट निघाली आणि खाडीच्या तोंडातून बाहेर मोठ्या नदीत गेली. तिथे ती धाडकन आडवी झालेली मी पाहिली, आणि मग लाटांमुळे काही दिसेना.

माझ्यापाशी पाचजणी होत्या. दोघी रडत होत्या, एक हसत होती, ते जास्त वाईट. त्यांना काठाला लावल्याशिवाय मला निघता येत नव्हतं. तेवढ्यात पंचवीस मिनिटं गेली. मग मोटरबोट काढली.

मोठ्या नदीत पुढे काय झालं, ते मला दोघांकडून कळलं, मावशीकडून आणि डेल्बर्ट नावाच्या एका मासेमाराकडून. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की डेल्बर्टच्या सांगण्यात मावशी जास्त शिव्या देते.

आमच्याकडे नदी पश्चिमेला वाहते आणि वारा पूर्वेला जातो. शिडावर असलात तर वारा तुम्हाला नेतो, पाण्यात पडलात तर नदी. मावशीने हे पत्रात शंभर वेळा लिहिलं होतं: 'फळी सोडू नका.' तिने फळी सोडली नाही. शीड काही उचलता येईना, म्हणून ती फळीवर पोट टेकून पडून राहिली आणि नदी तिला संथपणे नेत राहिली. मोठ्या पतंगाला स्वतःला बांधून फळीवरून जाणारे पतंगवाले तिच्या आजूबाजूने सुंसुं करत उड्या मारत होते. एकजण ओरडून गेला, "काय दिवस आहे!" मावशी म्हणते, त्याचा चेहरा तिने लक्षात ठेवलाय.

मग फळीखालचं पातं कशाला तरी अडकलं आणि फळी थांबली. बघते तर पाण्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या बोयांची रांग. मासेमारीचं जाळं.

डेल्बर्ट याकामा आहे, इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतला. त्याच्या घराण्याची जाळी नदीच्या त्या वळणावर कधीपासून लागतात, हे विचारलं तर तो सांगत नाही, नुसता तुमच्याकडे बघतो. शरदातल्या सॅल्मन माशांचा हंगाम त्याच आठवड्यात सुरू झाला होता. वारा उठल्यावर तो जाळं काढायला बोट घेऊन आला, तर जाळ्यात फळी आणि फळीवर बाई.

"लागलंय का कुठे?" त्याने आधी विचारलं.

"नाही."

"मग हलू नका. हलाल तितकं गुंतेल."

बोट लाटांवर आपटत होती. तो एका हाताने बोय धरून दुसऱ्या हाताने पात्यावरचा एकेक धागा सोडवत होता आणि बोलत होता. मावशीशी नव्हे, वाऱ्याशी. "चौदा मैल म्हणे. दुपारपर्यंत तसाच म्हणे. चौदा वाचलं म्हणून मी सकाळी जाळं टाकलं. नाहीतर आज मी घरी झोपलो असतो."

मावशीने फळी आणखी घट्ट धरली.

"ती एक बाई आहे गावात, पत्र लिहिते. तिचा 'उत्तम' दिवस म्हणजे आमचा वाया गेलेला दिवस. हे पतंगवाले जाळ्यावरून जातात, लाटांनी बोया तुटतात. मी तिचं पत्र उलटं वाचतो. ती नुसतं 'उत्तम' म्हणाली की मी जात नाही. ती 'गवत कापा' म्हणाली की जातो. पाच वर्षं बरोबर चाललं होतं. आज तिने घात केला."

"अहो," मावशी म्हणाली, "ती बाई मीच."

डेल्बर्टचा हात थांबला. मावशी म्हणते, तो चिडेल असं तिला वाटलं. तो चिडला नाही. त्याने तिला नीट न्याहाळलं, ओठ निळे पडलेले, सूट एका मापाने लहान, आणि म्हणाला, "मग तुम्ही इथे काय करताय? तुम्हाला तर माहीत असायला हवं होतं."

"नव्हतं माहीत. चुकलं."

"मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम आमच्याकडे बघत नाही."

"बघत नव्हते हे खरं. मुद्दाम नाही. लक्षातच आलं नाही कधी."

तो पुन्हा जाळ्याकडे वळला. धागे सोडवत राहिला. मी मोटरबोट घेऊन पोचले तेव्हा मावशी त्याच्या बोटीत पोत्यावर बसली होती. पायाशी मासे होते, आणि ती लाटा मोजून त्याला सांगत होती की पुढची मोठी कधी येईल. दोनदा चुकली.

"ही तुमची का?" डेल्बर्टने मला विचारलं.

"माझी मावशी."

"सांभाळा. आज जाळ्यात अकरा मासे आणि एक हवामानवाली. अकरा माशांनी कमी त्रास दिला."

दुसऱ्या दिवशीच्या पत्रात मावशीने सगळं लिहिलं. चूक कुठे झाली, ढग कसे निसटले, ती कुठे वाहत गेली, सगळं. मी तिला म्हटलं, "एवढं कशाला? लोक हसतील."

"हसू देत. काल कितीजणांनी माझं ऐकून गवत कापलं असेल. त्यांना कारण नको का कळायला?"

लोक हसले. चार दिवस कॉफीच्या दुकानात तिला 'नवशिक्यांसाठी उत्तम कॉफी' मिळत होती. पण पत्राच्या शेवटी तिने एक नवी ओळ टाकली होती: 'जाळ्यांसाठी: सकाळी आठपर्यंत बरं, नंतर काढून घ्या.' आणि खाली ठळक अक्षरांत: 'पांढऱ्या बोया दिसल्या की तिथून लांब राहा. तिथे कुणीतरी काम करतंय.' ती ओळ रोज यायला लागली. पतंगवाल्यांपैकी काहीजण कुरकुरले, की पत्र आपल्यासाठी आहे, मासेवाल्यांसाठी नाही. मावशीने त्यांना उत्तर दिलं नाही, पण ओळ वर सरकवली. आता ती सगळ्यात आधी असते.

डेल्बर्ट तिला रोज उत्तर पाठवायचा. 'वारा साडेआठला उठला.' 'तुमचे वीस म्हणजे माझ्या वळणावर सव्वीस.' नुसते आकडे, नमस्कार नाही की काही नाही. मावशीने त्याच्या आकड्यांची वही केली आणि ऑक्टोबरपर्यंत त्या वळणाचा तिचा अंदाज इतका सुधारला, की डेल्बर्टला कुरकुरायला फारसं काही उरलं नाही. ती माझ्याबरोबर पाण्यातही यायला लागली, आठवड्यातून एकदा, खाडीच्या आत. अजून वळता येत नाही तिला. सरळ जाते, पडते, चालत परत येते.

नदी थंड झाली, जाळी निघाली आणि पत्र डोंगरावर गेलं. तरी डेल्बर्टचा फोन आला, जानेवारीत, पहाटे पाचला. मी तेव्हा मावशीकडेच होते, आम्ही बर्फावर जायला निघत होतो.

"घाटात बर्फ किती पडणार?" तो स्पीकरवरून म्हणाला. त्याची नात वार्म स्प्रिंग्जला बास्केटबॉल खेळायला जाणार होती, अख्खी टीम डोंगर ओलांडून. "बर्फावर घसरायला जाणाऱ्यांसाठी किती ते मला नको. रस्त्यावर किती?"

मावशीने चष्मा लावला, आकडे बघितले, परत बघितले. "दुपारी चारनंतर रस्ता बर्फाखाली जाईल. सामना कितीचा?"

"तीनचा."

"सकाळी दहाचा करायला सांगा."

"प्रशिक्षक ऐकणार नाही."

"त्याला म्हणावं, ऑगस्टमध्ये जाळ्यात सापडलेली बाई सांगतेय. तिला चुकीच्या अंदाजात अडकायची सवय आहे."

पलीकडे डेल्बर्ट हसला. मी त्याला हसताना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

सामना दहाला झाला. बर्फ साडेतीनलाच सुरू झाला, म्हणजे मावशी अर्ध्या तासाने चुकली, पण तोवर पोरी डोंगराच्या अलीकडे येऊन बर्गर खात होत्या. अठ्ठावीस गुणांनी हरल्या होत्या. संध्याकाळी डेल्बर्टचा निरोप आला: 'सगळ्या घरी. हरणार आहेत हेही सांगायला हवं होतं.'

मावशीने तो निरोप मला वाचून दाखवला आणि म्हणाली, "याला काय लिहू?"

"काही लिहू नकोस."

तिने लिहिलं: 'तो आमचा विभाग नाही.' मग फोन उलटा ठेवला आणि उद्याच्या घाटाचे आकडे काढायला बसली.