तबकडीबाहेरचं कडवं

साळूबाईंच्या फडात नाथाजी तुणतुणं वाजवायचा. आष्ट्याचा हा फड तसा लहान, पण बाईंची लावणी ऐकायला माणसं चार-चार कोस चालत यायची. ती दोनदा सारखी कधीच व्हायची नाही. समोर कोण बसलंय ते बघून बाई कडवी जोडायच्या, आणि पंधरा वर्षं साथ करूनही नाथाजीला पुढचा शब्द कुठला येणार ते सांगता यायचं नाही.

एकेचाळीस साली एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब मिरजेला आले. एक खोली घेऊन त्यांनी भिंतींना गोधड्या टांगल्या आणि बाईंना बोलावणं धाडलं.

"तीन मिनिटांत संपलं पाहिजे," साहेब म्हणाले.

"तेवढ्यात तर मी नुसता पदर सावरते," बाई म्हणाल्या. पण मग डोळे मिटून बसल्या, अर्ध्या तासाच्या लावणीतली दोन कडवी निवडली आणि अशी म्हटली, की साहेबांची सिगारेट विझली तरी बोटांतच राहिली.

तबकडी निघाली. मिरज स्टेशनासमोरच्या हॉटेलात ती दिवसभर वाजायची. मग दुसऱ्या फडांतल्या बायाही तेच गाणं म्हणू लागल्या, अगदी हुबेहूब. बाईंनी जिथं दम घेतला होता तिथंच दम घ्यायच्या. एका जागी नाथाजीची तार जरा चढली होती, ती चूकसुद्धा बाकीचे तुणतुणेवाले मन लावून वाजवायचे. नाथाजीला हसावं की रडावं कळेना. पुढं तर बाईंनी नवं कडवं जोडलं, की लोकच ओरडायचे, "बाई, चुकला! रेकार्डीवानी म्हणा!"

"माझंच गाणं मला येत न्हाई म्हणत्यात, नाथाजी," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

लढाई संपल्यावरच्या साली कडेगावच्या जत्रेत, कुस्त्यांच्या आधी, भर दुपारी फड उभा राहिला. बाईंनी तोंड उघडलं आणि पुढं बसलेला एक फौजी उठला. मानसिंग त्याचं नाव.

"बाई, रेकार्डीवानीच म्हणा. एक शबुद बदलू नका."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "रेकार्ड हाय की गावात. मग मला कशाला बोलावलं?"

"आवं, ब्रह्मदेशात आमच्या पलटणीत ती रेकार्ड हुती. माझा दोस्त गुंडा रोज लावायचा. 'ही आपल्याकडची बाई हाय' म्हणून समद्यांस्नी सांगायचा. त्यो तिथंच ऱ्हायला."

बाईंनी मान हलवली, नाथाजीकडं पाहिलं आणि गाणं धरलं. पहिलं कडवं तबकडीसारखं, दुसरंही तसंच, दमसुद्धा तिथंच. मानसिंग डोळे पुसत ऐकत होता. आता संपलं असं सगळ्यांना वाटलं. ढोलकीवाल्यानं हात उचललासुद्धा. आणि बाईंनी तिसरं कडवं काढलं:

"दूर देशीच्या वाटसरा, जरा थांब की इथं,
माझं गाणं ऐकणारा गुंडा भेटला का तिथं?"

नाथाजीनं घाईघाईनं तार पुन्हा धरली. हे कुणी लिहिलेलं नव्हतं, कुठं छापलेलं नव्हतं. बाईंना ते आत्ता सुचलं होतं, आणि तरी ते जुन्या गाण्यात असं बसलं होतं, जणू त्याच्याविना गाणं अपुरंच होतं. चुकला म्हणून कुणी ओरडलं नाही. मानसिंगानं डोक्यावरचा पटका काढून बाईंच्या पायाशी ठेवला.

ही गोष्ट कंपनीच्या कानावर गेली. साहेब आष्ट्याला आले. "ते कडवं घालून नवी तबकडी काढू. हातोहात खपेल."

"ते कडेगावच्या मांडवातलं हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "ते तिथंच ऱ्हाऊ द्या. तुमाला दुसरं गाणं देते, कोरं."

कोरं गाणं बाईंनी दिलं. ते बेताचंच खपलं आणि साहेब पुन्हा आले नाहीत. बाईंनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही. पुढच्या जत्रेच्या वाटेवर त्या बैलगाडीत बसून काहीतरी गुणगुणत होत्या, आणि नाथाजी तुणतुणं मांडीवर घेऊन ते नवं काय आहे ते पकडायला बघत होता.